ध्यानाचा आरंभ आणि पहिल्या अडचणी

ध्यानास बसावें असें अलीकडे पुष्कळांस वाटूं लागलें आहे. कोणी डॉक्टरांच्या सल्ल्यानें, कोणी वडील माणसांच्या आग्रहानें, तर कोणी केवळ चित्तास स्वास्थ्य नाहीं म्हणून आसन घालतो. परंतु ज्या उत्साहानें आरंभ होतो त्याच वेगानें तो मावळतोही, आणि महिना दीड महिन्यांत आसन पुन्हां गुंडाळून कपाटांत जातें. असें कां झालें म्हणून विचारावें तर दोन उत्तरें ठरलेलीं असतात. "आमच्या घरांत शांतता म्हणून नाहीं," हें एक. आणि "आमचें मनच मुळीं त्या जातीचें नाहीं," हें दुसरें. पहिल्या उत्तरांत दोष घराच्या माथीं जातो, दुसऱ्यांत स्वतःच्या स्वभावाच्या. आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें चुकीचीं आहेत. आणि त्यांवर विश्वास ठेवल्यामुळें, ज्यास थोड्या अभ्यासानें लाभ झाला असता असा मनुष्य आपण अपात्र आहों अशी समजूत करून घेऊन कायमचा मागें फिरतो. म्हणून आरंभींच्या अडचणी खरोखर कोणत्या, त्या कशामुळें येतात, व एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या संसारी माणसानें त्यांतून वाट कशी काढावी, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

शांत जागेचा शोध

शांतता हवी म्हणून पुण्याचा मनुष्य पुष्कळदां दक्षिणेची वाट धरतो. सातारच्या रस्त्यानें जाऊन नसरापुरास वळलें कीं बनेश्वराची गर्द झाडी लागते. तेथील शिवालय नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींतलें. तेथून पश्चिमेस वेल्ह्याचा मुलूख. राजगड आणि १४०३ मीटर उंचीचा तोरणा हे दोन्ही किल्ले याच मुलखांत असून, वेल्हे तालुक्यास आतां राजगडाचेंच नांव देण्यांत आलें आहे. खालच्या अंगास भोर, त्यापुढें रायरेश्वराचें विस्तीर्ण पठार, आणि पलीकडे कोंकणांत उतरणारा वरंधा घाट. डोंगर, भातखाचरें, धरणांचें पाणी आणि विरळ वस्ती अशा या प्रदेशांत गेल्यावर मन आपोआप निवळेल अशी अपेक्षा करणें स्वाभाविक आहे.

परंतु तेथें डोळे मिटून पाव तास बसून पाहणारास एक निराळीच गोष्ट कळून येते. बाहेरचा गोंगाट थांबला म्हणजे आंतला ऐकूं येऊं लागतो. राजगडाच्या पद्मावती माचीवर, जेथें वाऱ्यावांचून दुसरा आवाज नाहीं, तेथें बसलेल्या माणसास कचेरींतील बोलाचाली, कर्जाचा हप्ता, भावाचें जुनें टोंचून बोलणें, हें सारें घरांतल्यापेक्षां अधिक स्पष्ट आठवतें. गड चढून गेलेल्याबरोबर त्याचा संसारही गड चढून जातो.

उलट बाजूचेंही एक उदाहरण याच वाटेवर आहे. भोरहून वरंधा घाट उतरून गेलें असतां महाड तालुक्यांत शिवथरची घळ लागते. समर्थ रामदासस्वामींनीं दासबोध येथें सांगितला व कल्याणस्वामींनीं तो लिहून घेतला, अशी समर्थसंप्रदायाची परंपरा आहे. विस्मृतींत गेलेली ही जागा धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० सालीं शोधून काढली. पावसाळ्यांत तेथें जाऊन आलेल्या वाचकांस ठाऊकच असेल कीं, घळीलगत प्रचंड धबधबा कोसळत असतो, आणि शेजारच्या माणसाशीं बोलावयाचें झालें तरी आवाज चढवावा लागतो. चिंतनासाठीं परंपरेनें जी जागा पूज्य मानिली ती कानांस मुळींच शांत नाहीं, ही गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे.

याचा उलगडा कठीण नाहीं. एकसारखा चालणारा आवाज, मग तो कितीहि मोठा असो, थोड्या वेळानें मन सोडून देतें. मन ओढलें जातें तें आपल्यासाठीं कांहीं अर्थ असलेल्या तुटक आवाजानें: दारावरची घंटा, स्वयंपाकघरांत आपलें नांव घेऊन झालेलें बोलणें, आणि मोबाईलचा तो लहानसा टणत्कार. धबधब्यापेक्षां हा टणत्कार ध्यानास अधिक घातक आहे. म्हणून शांत जागेच्या शोधांत आयुष्य घालविण्यापेक्षां ठरलेली जागा व ठरलेली वेळ निवडावी, मोबाईल दुसऱ्या खोलींत ठेवावा, आणि रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज धबधब्यासारखा वाहूं द्यावा. देवघराचा कोपरा असल्यास उत्तमच; नसल्यास खिडकीजवळची एक चटईही पुरते.

मन पळतें म्हणजे काय?

आतां दुसरें उत्तर घेऊं. "आमचें मन त्या जातीचें नाहीं" असें म्हणणाराची समजूत अशी असते कीं, ज्यांचें ध्यान लागतें त्यांचें मन पळत नाहीं. ही समजूत गीतेइतकीच जुनी असून गीतेनेंच ती खोडून काढिली आहे. सहाव्या अध्यायांत अर्जुन हीच तक्रार करितो कीं, मनाला आवरणें वाऱ्याला आवरण्याइतकें अवघड आहे; आणि भगवान् ती तक्रार नाकारीत नाहींत. अवघड आहे हें मान्य करून ते अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगतात. अर्जुनासारख्या एकाग्र धनुर्धराची जर ही अडचण, तर ती आपल्यास आली म्हणून अपात्रतेचा शिक्का स्वतःवर मारून घेण्याचें कारण काय?

आधुनिक संशोधनानेंही हेंच निराळ्या रीतीनें दाखविलें आहे. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या दोघां संशोधकांनीं सुमारें २२५० प्रौढ माणसांना दिवसांतून अवचित वेळीं मोबाईलवरून विचारलें कीं, या क्षणीं तुम्ही काय करीत आहां आणि तुमचें मन कोठें आहे. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणें माणसाचें मन जवळजवळ ४७ टक्के वेळ हातांतल्या कामावर नसतेंच. २०१४ सालीं व्हर्जिनिया विद्यापीठांतील प्रयोग तर अधिकच नवलाचा. माणसांना रिकाम्या खोलींत पंधरा मिनिटें आपल्या विचारांसह एकटें बसविलें, व हवा असल्यास विजेचा सौम्य धक्का घेण्याचें बटण जवळ ठेविलें. हा धक्का टाळण्यासाठीं पैसे मोजूं असें आधीं म्हणालेल्या त्या माणसांपैकीं १८ पुरुषांतील १२ आणि २४ स्त्रियांतील ६ जणांनीं तो आपण होऊन घेतला! स्वस्थ बसणें मनुष्यमात्रास किती अपरिचित आहे याचा यापेक्षां बोलका पुरावा कोणता हवा?

तेव्हां मनाचें पळणें हा ध्यानाचा भंग नव्हे. मन पळालें हें ज्या क्षणीं आपल्या लक्षांत येतें तो क्षण, आणि त्यास न रागावतां पुन्हां श्वासावर किंवा नामावर आणण्याची क्रिया, हाच अभ्यास. दहा मिनिटांत मन चाळीस वेळां पळालें व चाळीस वेळां परत आणिलें, तर चाळीस आवृत्त्या झाल्या असें समजावें. पाढे पाठ करणाऱ्या मुलाला प्रत्येक चुकीला चापट मारली तर तें पाढ्यांचाच कंटाळा करील. मनाचेंही तसेंच आहे. प्रारंभीं आधारासाठीं श्वास एकपासून दहापर्यंत मोजावे, चुकल्यास निमूटपणें पुन्हां एकपासून आरंभ करावा. ज्यांस मोजणें रुक्ष वाटतें त्यांनीं १०८ मण्यांची माळ घेऊन इष्ट नाम जपावें. ज्या घरांत संध्या अद्याप चालू आहे तेथें प्राणायाम व जप हीं दोन्हीं अंगें तयारच आहेत. घाईनें उरकण्याऐवजीं तींच सावकाश केलीं तर नवी पद्धति शोधण्याची गरज पडूं नये.

शरीराच्या तक्रारी

पहिल्या आठवड्यांत मनापेक्षां शरीरच अधिक कुरकुर करितें. पाय बधिर होतात, पाठ भरून येते, नाकाला नेमकी त्याच वेळीं खाज सुटते. यांतील पुष्कळ त्रास चुकीच्या हट्टानें ओढवलेला असतो. पद्मासन घातल्यावांचून ध्यान नाहीं अशी कित्येकांची समजूत आहे. वस्तुतः योगसूत्रांत पतंजलीनें आसनाविषयीं दोनच अपेक्षा ठेविल्या आहेत, कीं तें स्थिर असावें व सुखाचें असावें. राजगडास गुंजवण्याच्या बाजूनें चोरदरवाजाची उभी वाट आहे, व पालीच्या बाजूनें पायऱ्यांची सोपी वाट आहे; पालीच्या वाटेनें गेलेला मनुष्यही त्याच गडावर पोंचतो. साधी मांडी घालून घोंगडीची चौपदरी घडी बैठकीखालीं घेतली म्हणजे गुडघे आपोआप खालीं येतात व कणा ताठ राहतो. वृद्धांनीं व गुडघेदुखी असलेल्यांनीं खुशाल खुर्चीवर बसावें. तळपाय मात्र जमिनीवर टेंकलेले असावे. मुंग्या येणें हें बहुधा पायावर दाब पडल्यामुळें असतें, व पाय मोकळा केला कीं तें थांबतें. सांध्यांत तीव्र कळ येत असेल तर ती सोसण्यांत पुरुषार्थ नाहीं, बैठक बदलावी.

दुसरी तक्रार झोंपेची. डोळे मिटतांच डुलकी लागते व आपण समाधीच्या उंबरठ्यावर आहों असा कित्येकांस गोड भ्रमही होतो! श्रवणास बसलेल्यांच्या झोंपेवर समर्थांनीं दासबोधाच्या अठराव्या दशकांत स्वतंत्र समासच घातला आहे. म्हणजे साडेतीनशें वर्षांपूर्वींही ही अडचण नवी नव्हती. तिचें कारण बहुधा अगदीं साधें असतें: रात्रीची झोंप पुरी झालेली नसते. रात्रीं बारापर्यंत जागून पहाटे चारचा मुहूर्त साधण्याचा अट्टाहास करणारानें आधीं झोंपेचें देणें फेडावें. जेवणावर लगेच बसूं नये, तोंडावर गार पाणी मारून बसावें, डोळे अर्धवट उघडे ठेवावे; तरीही गुंगी आली तर उभें राहून किंवा अंगणांत सावकाश येरझाऱ्या घालीत तोच अभ्यास चालू ठेवावा.

कंटाळा, संशय आणि घाई

शरीर वळणावर आलें म्हणजे तिसऱ्या चौथ्या आठवड्यांत खरी परीक्षा सुरू होते. नवेपणा ओसरतो, अनुभव म्हणावा तसा कांहींच येत नाहीं, आणि "यांत खरोखर तथ्य आहे का?" हा प्रश्न डोकें वर काढतो. पतंजलीनें योगाच्या मार्गांतील नऊ विघ्नें मोजून ठेविलीं आहेत. व्याधि, मनाचा जडपणा, संशय, हयगय, आळस, विषयांची ओढ, भलत्याच अनुभवाला खरें समजणें, पायरी हातीं न लागणें, आणि लागलेली पायरी न टिकणें, अशी ती यादी आहे. बौद्ध परंपरेंत पांच नीवरणें सांगितलीं आहेत. त्यांतही वासना, द्वेष, सुस्ती, अस्वस्थता व संशय हींच मंडळी भेटतात. इतकेंच काय, चौथ्या शतकांत मिसर देशाच्या वाळवंटांत राहणाऱ्या इव्हाग्रिअस नांवाच्या ख्रिस्ती साधकानें भर दुपारच्या कंटाळ्याचें जें वर्णन केलें आहे तें वाचून हंसूं येतें: सूर्य जागचा हलत नाहीं असें साधकास वाटतें, कोणी भेटावयास येत आहे काय म्हणून तो पुनःपुन्हां बाहेर डोकावतो, व शेवटीं ही जागाच वाईट असें ठरवून टाकतो. तीन निरनिराळ्या धर्मांतील माणसांनीं हजारों मैलांच्या अंतरावर एकच यादी करावी, यावरून हीं विघ्नें एकट्या आपल्याच नशिबीं आलेलीं नाहींत एवढें तरी पटावें.

घाईवर उपाय म्हणजे काळाचा अंदाज. लंडन येथील ९६ माणसांवर केलेल्या व २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, एखादी नवी गोष्ट अंगवळणीं पडण्यास मध्यम मानानें ६६ दिवस लागतात; कोणाला १८ पुरे झाले, तर कोणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. त्याच अभ्यासांत असेंही दिसलें कीं, एखादा दिवस चुकल्यानें घडत आलेल्या संवयीची फारशी हानि होत नाहीं. म्हणून एक दिवस बुडाला तर नेम मोडला असें समजून सारें सोडूं नये, व दुसऱ्या दिवशीं दुप्पट बसून प्रायश्चित्तही घेऊं नये. भोर-वेल्ह्याकडचा शेतकरी आषाढांत भाताची लावणी केल्यावर मूळ धरलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं रोप रोज उपटून पाहत नाहीं. आज किती शांति मिळाली याचा रोजचा हिशेब मांडणें हें त्या उपटण्यासारखेंच आहे.

शिबिरांविषयींही दोन शब्द सांगणें अवश्य आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेचीं दहा दिवसांचीं शिबिरें चालत आलीं आहेत, व त्यांचा लाभ असंख्य लोकांनीं घेतला आहे. परंतु शिबिरांत स्वयंपाक दुसरे करितात, वेळापत्रक दुसरे ठरवितात व मौन सर्वांनीं पाळलेलें असतें. घरीं परतल्यावर तीच स्थिति टिकली नाहीं म्हणून निराश होणें म्हणजे यात्रेंतील पंगत रोज घरीं वाढली जात नाहीं म्हणून रुसण्यासारखें आहे. घरचा अभ्यास लहानच असावयाचा.

दडलेलें वर येतें तेव्हां

एक अडचण अशी आहे कीं जिच्याविषयीं फारसें बोललें जात नाहीं. भाटघर धरणाचें पाणी उन्हाळ्यांत खालीं गेलें म्हणजे वेळवंडी नदीच्या पात्रांत कांबरे गांवचें कांबरेश्वराचें देऊळ उघडें पडतें. वर्षाचे कित्येक महिने तें पाण्याखालीं असतें. पाणी ओसरल्यावर देऊळ दिसतें, आणि त्याबरोबर गाळही दिसतो. ध्यानास बसणाराचेंही पुष्कळदां असेंच होतें. कामाच्या धांदलींत बुडालेलें दुःख, गेलेल्या माणसाची आठवण, स्वतःच्या हातून झालेला अन्याय, हें सारें शांत बसल्यावर वर येतें. डोळ्यांतून पाणी आलें तर येऊं द्यावें; ही अधोगति नव्हे. तसेंच मिटल्या डोळ्यांपुढें प्रकाश दिसणें, अंग हलकें वाटणें, असे प्रकार झाल्यास त्यांचा गवगवा करूं नये व त्यांच्या मागेंही लागूं नये.

परंतु येथें एक सूचना आम्ही स्पष्टपणें करूं इच्छितों. ध्यानानें कांहीं माणसांची अस्वस्थता वाढते, हें आतां संशोधकांनींही नोंदलें आहे. झोंप उडाली, छाती धडधडूं लागली, भीति दिवसभर सुटेना, किंवा नसलेले आवाज ऐकूं येऊं लागले, तर अभ्यास तात्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावें. ज्यांस पूर्वीं मनाचा आजार झाला आहे त्यांनीं डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा, आणि चालू असलेलें औषध ध्यानाच्या भरंवशावर कधींही सोडूं नये. अशा वेळीं "श्रद्धा कमी पडली" असें म्हणून रोग्यासच दोष देणारे हितचिंतक घरांत असतात. त्यांचें ऐकूं नये.

घरांतल्या कोणाचा वेळ?

शेवटीं ज्या अडचणीकडे आम्हीं मुद्दाम वळत आहों ती बसणाराच्या मनांत नसून घराच्या व्यवस्थेंत आहे. एकत्र कुटुंबांत आजोबा ध्यानास बसले कीं घर चिडीचूप होतें. मुलांना दटावलें जातें, भांडीं हळू ठेविलीं जातात, चहा वेळेवर तयार असतो. हें योग्यच आहे. परंतु ज्या सुनेनें हें सारें सांभाळलें तिला बसावयाचें असल्यास तिची वेळ कोणती? पहाटे उठून डबे, मग मुलांच्या शाळा, मग स्वतःची नोकरी, आणि रात्रीं सर्वांच्या मागून जेवण. तिनें कधीं खोलीचें दार लोटून घेतलें तर दहा मिनिटांत तीन हांका येतात, आणि "बाईमाणसाला हें कशाला?" अशी कुजबुजही होते. अशा बाईस मनाच्या एकाग्रतेचे उपाय सांगत बसणें व्यर्थ आहे. तिचें मन पळत नाहीं. तें ओढून नेलें जातें.

याचा उपाय बोलून ठरविण्यांत आहे. घरांतील प्रत्येक प्रौढ माणसास दिवसांतून पंधरा मिनिटें आपलीं असावीं, व त्या वेळांत दूध कोण पाहील, दार कोण उघडील, मुलाला कोण घेईल, हें नांवानिशीं ठरलेलें असावें. सासूबाईंनीं एकदां "ती बसली आहे, मी पाहतें" असें म्हटलें, तर घरांतील सर्वांस त्याचा अर्थ कळतो. वडील मंडळींनींही आपल्या बैठकीचा भार दुसऱ्यांवर किती पडतो हें पाहावें. आसनावरून उठतांच चहा निवला म्हणून जो कडाडतो, त्याचें ध्यान किती लागलें याचें माप घरच्यांजवळ असतें. मुलांना बळेंच बसवूं नये. आजोबांच्या मांडीशेजारीं पांच मिनिटें आपण होऊन येऊन बसलेलें मूल जें शिकतें तें दटावून शिकविलेलें नसतें.

आरंभ करूं इच्छिणाऱ्या वाचकांस आमची सूचना एवढीच: पहिले पंधरा दिवस रोज पांच मिनिटें, एकाच जागीं व एकाच वेळीं बसावें. पुढील महिनाभर दहा. नंतर पंधरा करून तेथेंच दोन महिने स्थिर राहावें. मन पळेल, तें परत आणावें. झोंप आली तर उभें राहावें. कंटाळा आला तर तो ओळखावा आणि बसून राहावें. पद्धति रोज बदलूं नये. आणि आपल्यास मिळणारीं पंधरा मिनिटें घरांतल्या ज्या माणसाच्या श्रमांतून मिळत आहेत त्यासही तितकींच मिळतात कीं नाहीं, हें आठवड्यांतून एकदां तरी पाहावें. ज्या घरांत हें पाहिलें जातें त्या घरांतील माणसांस शांततेसाठीं दूरचे डोंगर गांठावे लागणार नाहींत. आणि हौसेनें राजगडावर गेलेच, तर वारा आणि आभाळ पाहण्यास तीं अधिक मोकळीं असतील.